जुन्या विंडोजवर लॅन कार्ड चालवताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत मदरबोर्डची कंपनी दिली आहे, विंडोजची आवृत्ती दिली आहे, पण लॅन कार्डावरची (केबलने नेटवर्क जोडणाऱ्या कार्डावरची) चिप कोणती हे एकातही नाही. ते कळल्याशिवाय बाकी सगळं अंदाजपंचे होतं. म्हणून पहिल्या उत्तरात तोच भाग नीट घेतो.

प्रश्न : जुना कॉम्प्युटर फॉरमॅट करून ६४ बिट विंडोज ७ टाकलं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इथरनेट कंट्रोलर’वर पिवळं उद्गारचिन्ह आहे. नेटसाठी ड्रायव्हर (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) हवा आणि ड्रायव्हर उतरवायला नेट हवं! काय करू? (लातूर)

उत्तर : आधी त्या पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, ‘डीटेल्स’मध्ये जा आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. तिथे ‘व्हेन’ (VEN) या अक्षरांपुढची चार चिन्हं म्हणजे चिप बनवणारी कंपनी. १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १९६९ म्हणजे अ‍ॅथेरॉस. ‘डेव्ह’ (DEV) पुढची चार चिन्हं म्हणजे नेमकी चिप. ही ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्या किंवा मोबाइलवर तिचा फोटो काढा.

इथे एक गोष्ट लोकांना हमखास गोंधळात टाकते. मदरबोर्डच्या चिपवर आरटीएल ८१११ छापलेलं असतं आणि विंडोज मात्र ८१६८ दाखवतं. दोन्ही बरोबर आहेत, ड्रायव्हर एकच. मात्र ८१६८ या एकाच क्रमांकाखाली चिपच्या अनेक पिढ्या येऊन गेल्या. विंडोज ७ आलं २००९ मध्ये, त्यामुळे त्यानंतरच्या पिढ्या त्याला स्वतःहून ओळखता येत नाहीत. रिअलटेकच्या संकेतस्थळावरून विंडोज ७ साठीचा सर्वांत अलीकडचा ड्रायव्हर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उतरवा आणि पेन ड्राइव्हने आणा.

दुसरा कॉम्प्युटर हाताशी नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा, म्हणजे फोनचं नेट कॉम्प्युटरला मिळेल. त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोज ७ मध्ये मुळातच असतो. केबल मात्र काळ्या यूएसबी पोर्टला लावा. निळे पोर्ट सहसा यूएसबी ३ चे असतात आणि त्यांचा ड्रायव्हर विंडोज ७ सोबत येत नाही.

‘तुमचे सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर’ म्हणणारी सॉफ्टवेअर कृपा करून टाकू नका. त्यांच्यासोबत नको ते बरंच काही येतं. चिप ठाऊक झाल्यावर त्यांची गरजही उरत नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर ‘कोड ५२’ दिसला, तर विंडोज त्यावरची डिजिटल सही ओळखू शकत नाही असा अर्थ. नंतरच्या ड्रायव्हरांवर शा-२ पद्धतीची सही असते. ती ओळखण्यासाठी सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर केबी३०३३९२९ हे २०१५ चं अपडेट लागतं. एफ८ दाबून सहीची तपासणी बंद करता येते, पण तेवढ्या एका बूटपुरतीच. त्यापेक्षा अपडेट टाका.

प्रश्न : आमच्या वर्कशॉपमध्ये मशीनला जोडलेल्या कॉम्प्युटरवर एक्सपी आहे. मशीनचं सॉफ्टवेअर दुसऱ्या विंडोजवर चालत नाही. मदरबोर्डचं लॅन पोर्ट जळलं. नवं कार्ड घालून ऑफिसच्या विंडोज १० कॉम्प्युटरवरून प्रोग्राम फाइली आणायच्या आहेत. (भोसरी)

उत्तर : कार्डाचं काम सोपं आहे. मदरबोर्डवर पीसीआय स्लॉट (कार्ड बसवायची जुन्या धाटणीची खाच) असेल तर रिअलटेक ८१३९ चिपचं जुनं कार्ड शोधा. त्याचा ड्रायव्हर एक्सपीतच आहे, सीडी लागत नाही. वेग १०० मेगाबिट, मशीनच्या प्रोग्रामसाठी भरपूर झाला.

खरी अडचण पुढे आहे. एक्सपीला फोल्डर शेअरिंगची फक्त एसएमबी १ ही जुनी पद्धत येते. विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती नसते. कुणीतरी तुम्हाला ‘विंडोज फीचर्समध्ये जाऊन टिक करा, झालं’ असं सांगेल. तसं करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस याच पद्धतीतल्या भोकातून जगभर पसरला होता. एक्सपीसाठी अपडेट देणं मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ लाच थांबवलं होतं, तरी कंपनीला वॉनाक्रायच्या वेळी त्याच्यासाठी खास दुरुस्ती काढावी लागली. एका मशीनसाठी ऑफिसच्या कॉम्प्युटरांवर ते दार उघडणं मला अजिबात पटत नाही.

मी असं सुचवेन : एखादा जुना कॉम्प्युटर घ्या, त्यात दोन लॅन कार्डं बसवा, लिनक्स आणि एफटीपी (फाइली पाठवण्या-आणण्याची पद्धत) सर्व्हर टाका. एक केबल ऑफिसकडे, दुसरी थेट एक्सपीकडे. दोन्ही बाजूंना आयपीच्या (नेटवर्कवरच्या पत्त्यांच्या) वेगवेगळ्या मालिका द्या आणि एका कार्डाकडून दुसऱ्याकडे वाहतूक जाऊ देऊ नका. ऑफिसवाले तिथे फाइल ठेवतील, एक्सपी तिथून एफटीपीने उचलेल. एक्सपीवर आयपी पत्ता हाताने भरा आणि ‘डीफॉल्ट गेटवे’ रिकामा ठेवा. थेट केबलच्या दोन्ही टोकांना जुनी १०० मेगाबिटची कार्डं असतील तर क्रॉस केबल (आतल्या तारा उलटसुलट जोडलेली) लागू शकते. एका टोकाला गिगाबिट कार्ड असेल तर साधी चालते.

आणि हे सगळं करण्याआधी एक्सपीच्या कॉम्प्युटरमधल्या हार्ड डिस्कची पूर्ण इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा. लॅन कार्ड बाजारात मिळेल, मशीनचं सॉफ्टवेअर पुन्हा मिळेलच असं नाही.

प्रश्न : एक्सपीच्या लॅपटॉपला नव्या राउटरचं वायफाय जोडलं जात नाही. पासवर्ड बरोबर आहे. (इचलकरंजी)

उत्तर : सर्व्हिस पॅक ३ आहे का पाहा, डब्ल्यूपीए २ (वायफायची सुरक्षा पद्धत) त्यात येतं. डब्ल्यूपीए ३ एक्सपीला जमत नाही. त्या काळातली बरीच कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरवर २.४ चं, डब्ल्यूपीए २ असलेलं गेस्ट नेटवर्क काढा. त्यामुळे लॅपटॉप घरच्या बाकी उपकरणांपासूनही वेगळा राहील.

प्रश्न : कार्ड चालतं, पिंग होतं (समोरच्या कॉम्प्युटरकडून उत्तर येतं), पण एकही साइट उघडत नाही. सगळीकडे सर्टिफिकेटची चूक दाखवतं. विंडोज ७ आहे. (पणजी)

उत्तर : कोपऱ्यातली तारीख बघा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या मशीनच्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सेल संपलेला असतो आणि घड्याळ मागे जातं. मग ब्राउझरला आजचं सर्टिफिकेट भविष्यातलं वाटतं. सीआर २०३२ सेल बदला आणि तारीख लावा. त्यानंतरही तेच झालं तर कार्ड आणि ड्रायव्हर पुन्हा उपसत बसू नका, दोष जुन्या ब्राउझरकडे शोधा.