बुलेटचा हेडलाइट मंद? बल्बआधी मल्टिमीटर काढा

तुमचा प्रश्न असा: बारा व्होल्टची जुनी बुलेट, अमीटरवाली (करंट दाखवणारा काटा असलेली). इंदूरहून सिमरोलमार्गे ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात रात्री उजेड पुरत नाही. १००/९० चा (अपरला १००, डिपरला ९० वॅट) बल्ब टाकावा की एलईडी?

सध्या दोन्ही नको. ६०/५५ चा एच-फोर बल्ब धड व्होल्टेज मिळालं तर घाटाला पुरतो. जुन्या गाडीत ते त्याला मिळतच नाही.

इंजिन बंद ठेवून चावी फिरवा, हेडलाइट लावा. लागला तर तो बॅटरीवर, म्हणजे डीसीवर चालतोय. इंजिन सुरू केल्यावरच लागत असेल आणि रेसबरोबर कमी-जास्त होत असेल, तर एसी आहे. मग पुढे सांगितलेला साधा रिले (छोट्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नुसता थरथरेल. आधी अल्टरनेटरचा लायटिंगचा भाग फुल-वेव्ह रेग्युलेटर-रेक्टिफायरवर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा डबा) घ्यावा लागेल. कॉइलच्या तारा उलट जुळल्या तर त्या एकमेकींनाच मारतात, म्हणून ते काम जाणत्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

डीसी असेल तर इंजिन बऱ्यापैकी रेसवर ठेवून, अपर लावून दोन मापं घ्या. एक बॅटरीच्या टोकांवर, दुसरं बल्बच्या पिनांवर, होल्डर चढवलेला असतानाच. होल्डर काढून मोजलंत तर व्होल्टेज पूर्ण दिसेल आणि तुम्ही फसाल, कारण करंट वाहत नसेल तर घटही दिसत नाही. समजा बॅटरीवर १३.२ आणि बल्बवर ११.४ आले. फरक १.८ व्होल्टचाच, पण हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानं पडतो, म्हणजे जवळपास ४० टक्के उजेड गेला. बॅटरीवरच १३ च्या खाली येत असेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे, हेडलाइटच्या वायरिंगमध्ये नाही.

हे व्होल्ट खातं कोण? चावीचा स्विच, अपर-डिपरचा स्विच, हिरवे पडलेले बुलेट-कनेक्टर (गोळीच्या आकाराचे वायरजोड) आणि अर्थ, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट. हेडलाइटची अर्थ केसिंगमधून, हँडलच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीस आणि पेंटमधून फिरत येते. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल बल्बच्या अर्थ पिनेला लावा. दिवा चालू असताना ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर स्वतंत्र काळी वायर बॅटरीपर्यंत ओढा. कधीकधी एवढ्यानंच काम भागतं.

पुढचं काम दोन रिलेंचं, एक अपरला, एक डिपरला. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ चौरस मिमीची वायर, बॅटरीपासून वीतभरात १५ अँपिअरचा फ्यूज, तिथून दोन्ही रिलेंची ३० नंबरची पिन. ८७ वरून १.५ चौरस मिमीची वायर बल्बला. जुन्या डिपर स्विचची वायर ८६ ला, ८५ अर्थला. आता स्विचमधून पाच अँपिअर जात नाहीत, रिलेच्या कॉइलपुरते ०.१५ ते ०.२ जातात. होल्डर सिरॅमिकचाच घ्या. इंदूरच्या महाराणी रोडवर घरगुती वायर सहज मिळते, पण तिचं आवरण तेल-पेट्रोल आणि इंजिनच्या गरमीसाठी नसतं. गाडीचीच वायर मागा. आणि रंग वेगवेगळे ठेवा. सगळी लालच ओढली तर पुढच्या पावसाळ्यात फॉल्ट शोधताना रडाल.

जोड क्रिम्प करा, म्हणजे टर्मिनल पकडीनं वायरवर दाबून बसवा. पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड एका पावसात हिरवा होतो. सोल्डर केलेला जोड बुलेटच्या हादऱ्यांनी सोल्डर संपतं तिथेच तुटतो. रिले टाकीखाली, पिना खाली तोंड करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. हँडलच्या मानेपाशी वायरला सैल घोळ हवा: हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे ताणलं तर तिथेच आवरण सोलेल.

एक गोष्ट बरेच मेकॅनिक सांगत नाहीत. दिव्याचा फीड, म्हणजे पुरवठा, थेट बॅटरीवरून घेतला की अमीटर खोटं बोलू लागतो. दिव्याचा करंट अमीटरमधून बॅटरीकडे जातो, म्हणून काटा प्लसकडे चार-पाच अँपिअर दाखवतो. तुम्हाला वाटतं झकास चार्ज होतंय, प्रत्यक्षात बॅटरीला काहीच मिळत नसतं. खरं चार्जिंग बघायचं तर छोटा व्होल्टमीटर लावा, किंवा फीड अमीटरच्या लोडच्या, म्हणजे बॅटरीच्या विरुद्ध, बाजूनं घ्या.

१००/९० ला अपरवर आठ अँपिअरच्या वर लागतात. जुनं होल्डर वितळतं, रिफ्लेक्टरची चमक उडते, बॅटरी उतरते. एलईडीचा प्रकाश फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून निघत नाही, त्यामुळे बल्बसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये तो विखुरतो. समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपतात आणि तुम्हाला रस्त्यावर लांबचं दिसत नाही. नवा ६०/५५ बसवताना काचेला बोट लावू नका.

शेवटी हेडलाइटचा निशाणा. भिंतीपासून ७.५ मीटरवर गाडी सपाटीला, स्टँडवरून उतरवलेली, तुम्ही बसलेले. मागे माणूस बसवून जाणार असाल तर त्यालाही बसवा. डिपरची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साताठ सेंटीमीटर खाली यायला हवी.