डोळ्यासमोर काळे ठिपके, धागे तरंगताना दिसतात. डॉक्टरांकडे जायलाच हवं का?

महिनोन् महिने तेच दोन-चार ठिपके दिसत असतील तर घाई नाही, पण ते अचानक वाढले असतील तर आजच्या आज नेत्रतज्ज्ञाकडे जा. डोळ्याच्या आत जेलीसारखा पारदर्शक द्रव असतो. वयानुसार तो पातळ होतो, त्यातले तंतू एकत्र येतात आणि त्यांची सावली पडद्यावर (रेटिनावर) पडते. म्हणूनच नजर वळवली की ठिपका मागून सरकत येतो, आणि पांढऱ्या भिंतीवर किंवा आकाशाकडे पाहताना जास्त जाणवतो. पन्नाशीनंतर ही जेली पडद्यापासून सुटते. बहुतेकांना त्याने काही होत नाही, पण सुटताना ती पडदा ओढून फाडू शकते. फट वेळेत सापडली तर लेझरने भागतं. पडदा सरकला की मोठं ऑपरेशन लागतं.

थांबू नये अशी लक्षणं:
- एकदम ठिपक्यांचा पाऊस किंवा काजळीसारखे कण
- अंधारातही कडेला वीज चमकल्यासारखं दिसणं
- नजरेसमोर एका बाजूने काळा पडदा ओढल्यासारखं दिसणं, नजर धूसर होणं (एकेक डोळा झाकून बघा)

दुखत नाही म्हणून थांबू नका, पडदा फाटताना दुखतच नाही. मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा डोळ्याला मार असेल तर धोका जास्त. मधुमेहात हे ठिपके रक्तस्रावाचेही असू शकतात. तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घालतात, काही तास अंधुक दिसतं, त्यामुळे स्वतः गाडी चालवत जाऊ नका. पहिली तपासणी चांगली आली तरी डॉक्टर साधारण महिन्या-दीड महिन्याने पुन्हा बोलावतात तेव्हा नक्की जा, कारण फट नंतरही पडू शकते.