वेगळ्या संस्कृतीच्या समुपदेशकाला माझी भीती कळेल का?

एका वाचक भगिनींनी कळवले आहे की दीड वर्षापूर्वी त्या एका जीवघेण्या प्रसंगातून वाचल्या. तेव्हापासून त्यांची झोप उडाली आहे, गर्दीत गेले की छाती धडधडते आणि तो प्रसंग नको असतानाही डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या सध्या परक्या देशात राहतात. तिथल्या समुपदेशक बाईंनी दुसऱ्याच भेटीत ‘‘तुम्ही अजून आईवडिलांबरोबरच का राहता?’’ असे विचारले आणि यांचे मन तिथून उडाले. ‘‘ज्यांना आमचे घर कळत नाही त्यांना माझी भीती काय कळणार? आणि बरे व्हायचे म्हणून मी माझ्या श्रद्धा सोडायच्या का?’’ असे त्या विचारतात.

हा प्रश्न मला खुर्चीच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे समुपदेशक म्हणून, परिचयाचा आहे. असा अवेळी प्रश्न विचारणाऱ्या बाई कधीकाळी मीही होते. किंबहुना माझी चूक याहून मोठी होती. म्हणून उत्तरादाखल तीच सांगते. संबंधित गृहस्थांची ओळख पटू नये यासाठी काही तपशील बदलले आहेत आणि त्यांचा देश सांगणे टाळले आहे.

युद्धातून निसटून आलेले हे चाळिशीचे गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा दुभाषा म्हणून त्यांचा पुतण्या सोबत होता. मी झोपेबद्दल विचारले. गृहस्थ दोन-तीन मिनिटे बोलत राहिले, मध्येच थांबले, खाली पाहून पुन्हा बोलले. आणि पुतण्याने मला सांगितले, ‘‘झोप लागत नाही म्हणतात.’’ उरलेले सगळे त्या मुलाने गाळले होते, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? काकांचे असे बोलणे ऐकण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकणेच चुकीचे होते, आणि पुतण्यासमोर काकाही सगळे बोलणार नव्हते. पुढच्या भेटीपासून मी व्यावसायिक दुभाषा घेतला. त्यावरही त्यांची एक अट होती: दुभाषा त्यांच्या समाजातल्या ओळखीच्या वर्तुळातला नसावा आणि त्याला त्यांचे नाव कळू नये. आपल्याच भाषेच्या माणसाशी मन मोकळे करणे सोपे असते, असे आपण गृहीत धरतो. पण परदेशात समाज लहान असतो, बोलणे फिरते, आणि युद्धात कोण कोणत्या बाजूला होते हे कोणी विसरलेले नसते. शेवटी दूरच्या शहरातला एक दुभाषा फोनवरून आमच्या भेटींत सामील होऊ लागला.

नंतरची चूक मात्र निखळ माझी. घाबरे होण्याचे झटके ऐकून मी नेहमीचा व्यायाम दिला: डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या, सावकाश सोडा. अर्ध्या मिनिटात ते घामाघूम होऊन दाराशी जाऊन उभे राहिले. पुढे कळले की लपून बसलेल्या काळात, बाहेर पावले वाजत असताना, अंधारात श्वास रोखून त्यांनी आणि त्यांच्या भावाने कित्येक तास काढले होते. मिटलेले डोळे आणि मोजलेला श्वास यांत मला शांतता दिसत होती. त्यांच्या शरीराला तीच आठवण वाटत होती. आम्ही तो व्यायाम सोडून दिला. डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीवर घट्ट टेकवून, खोलीतल्या वस्तूंची नावे त्यांच्या भाषेत एकेक करून म्हणणे त्यांना मानवले.

या फटक्याने मी सावध झाले आणि सावधपणातूनच मोठी चूक केली. त्यांच्या समाजाबद्दल मिळेल ते वाचून काढले. एका लेखात असे होते की तिथे परक्या माणसासमोर मृतांचे नाव काढत नाहीत. भाऊ त्या लपण्याच्या जागेतून बाहेर पडला आणि मारला गेला, एवढे मला ठाऊक होते. पण आदर म्हणून पाच भेटींत मी त्याचा विषय काढला नाही. सहाव्या भेटीत तेच म्हणाले, ‘‘तुम्ही माझ्या भावाबद्दल एकदाही विचारले नाही. मला वाटले, तुमच्याकडे मेलेल्या माणसांची विचारपूस करण्याची पद्धत नसावी.’’

म्हणजे मी त्यांच्या संस्कृतीचा मान राखत गप्प होते आणि ते माझ्या संस्कृतीचा मान राखत गप्प होते. ज्याच्यासाठी ते आले होते, तो भाऊ मात्र खोलीबाहेरच राहिला. संस्कृतीचे ज्ञान प्रश्न विचारण्यासाठी वापरायचे असते; मी ते प्रश्न टाळण्यासाठी वापरले होते. त्या दिवशी मी त्यांची माफी मागितली आणि भावाचे नाव विचारले.

मानसोपचाराच्या क्षेत्रात हे जुने शहाणपण आहे. मनोचिकित्सक आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७० च्या दशकातच असे सुचवले होते की रुग्णाला त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण विचारावे: या त्रासाला तुम्ही काय म्हणता, तो कशामुळे सुरू झाला असे तुम्हाला वाटते, त्यात सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीत याच धर्तीची सोळा प्रश्नांची सांस्कृतिक मुलाखत आहे. माझ्या मते क्लाइनमन यांचा भीतीचा प्रश्न सर्वांत मोलाचा. छाती धडधडणे, चक्कर येणे, हातापायांना मुंग्या येणे हे सगळीकडे आढळते. पण त्या धडधडीचा अर्थ काय लावायचा, हे माणूस आपल्या समाजाकडून शिकतो. कंबोडियातून आलेल्या निर्वासितांवर उपचार करताना मनोचिकित्सक डेव्हन हिंटन यांना दिसले की उभे राहताना आलेली साधी चक्करही अनेकांना जीवघेणी वाटते, कारण शरीरातला ‘ख्यॉल’, म्हणजे वारा, रक्तासह वर चढून मानेतल्या शिरा फोडील अशी त्यांची समजूत असते. अशा माणसाला ‘हा हृदयविकार नाही’ असे कितीही समजावले तरी उपयोग नाही. त्याची भीती मानेतल्या शिरा फुटण्याची असते. झिम्बाब्वेत शोना भाषेतला ‘कुफुंगिसिसा’ हा शब्द फार विचार करण्याला वापरतात, आणि तिथे तो त्रासाचे नाव आहे तसेच त्रासाचे कारणही. आपण ‘पोटात गोळा आला’ म्हणतो तेव्हा परभाषकाने पोटाची तपासणी सुरू केली तर कसे वाटेल, याची कल्पना करून पाहावी.

त्या गृहस्थांना मी तोच भीतीचा प्रश्न विचारला. मला वाटले होते, पुन्हा हल्ला होण्याची भीती सांगतील. ते म्हणाले, ‘‘भाऊ स्वप्नात येतो आणि बोलत नाही. तो बोलत नाही याची भीती वाटते.’’ माझ्या वहीत त्या स्वप्नांची नोंद ‘आघातोत्तर तणावाचे लक्षण’ अशी होती. ती चूक नव्हती, पण अपुरी होती. त्यांच्या लेखी भावाचे अंत्यसंस्कार झाले नाहीत म्हणून तो अबोल होता. जागेपणी आवाज ऐकू येतात का, वास्तवाचे भान सुटते का, हे मी नीट तपासले, कारण संस्कृतीच्या नावाखाली गंभीर आजार नजरेतून सुटणे हाही निष्काळजीपणाच. तसे काही नव्हते. स्वप्न खरे की खोटे या वादात मी शिरले नाही. ‘‘तो बोलला असता तर काय म्हणाला असता?’’ एवढेच विचारले. पुढच्या दोन भेटी त्या उत्तरात गेल्या.

त्यांच्या धर्मातल्या एका वडीलधाऱ्यांकडून त्यांनी राहिलेले विधी करून घेतले. त्या दिवसापासून स्वप्ने कमी झाली. पण त्यामुळे सगळे सुटले असे मात्र मी म्हणणार नाही. संध्याकाळी बाहेर पडणे, रेल्वेत बसणे, पाठीमागे माणसे असताना उभे राहणे हे सगळे ते अजूनही टाळत होते, आणि टाळण्यावरच भीती पोसली जाते. संध्याकाळी न बाहेर पडणे हा शोकाचा नियम आहे, असे ते मला सांगत. तो नियम खरा की खोटा हे ठरवणारी मी कोण? त्यांनी त्याच वडीलधाऱ्यांना विचारावे, असे मी सुचवले. शोकाची मुदत केव्हाच संपली आहे, असे उत्तर घेऊन ते स्वतःच ओशाळवाणे हसत आले.

मग मुख्य काम सुरू झाले. मॅगी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि टोमास एल्बर्ट यांनी युद्ध आणि छळ सोसलेल्यांसाठी विकसित केलेल्या कथनाधारित उपचारपद्धतीत जमिनीवर एक दोरी पसरतात, तीच आयुष्यरेषा. भयंकर प्रसंगांच्या जागी दगड आणि चांगल्या प्रसंगांच्या जागी फुले ठेवतात आणि मग जन्मापासून क्रमाने, न चुकवता सगळी कहाणी सांगतात. भयाची आठवण काळ-स्थळ सोडून तुकड्यातुकड्यांनी अंगावर येते. तिला तिच्या तारखेच्या जागी परत बसवणे हा यामागचा हेतू. गृहस्थांनी भावाच्या जागी दगड आणि फूल दोन्ही ठेवले. मी कारण विचारू शकले असते. मी काही वेळ गप्प राहिले. उपचार संपले तेव्हा ते अधूनमधून रात्री दचकून उठत होते, पण पुन्हा झोपू शकत होते, आणि गर्दीच्या वेळी रेल्वेने प्रवास करत होते.

आता पत्रलेखिका भगिनींसाठी. तुम्हाला श्रद्धा सोडायला कोणी सांगू नये. सांगितलेच तर तो समुपदेशक बदलावा. टाळणे मात्र हळूहळू सोडावे लागेल, आणि काय श्रद्धा व काय टाळणे याबद्दल मनात गोंधळ असेल तर आपल्याच माणसांपैकी जाणत्या व्यक्तीला विचारायला संकोच करू नये. आपल्याच भाषेचा समुपदेशक मिळाला तर अवश्य भेटा, पण ‘यांना सगळे ठाऊकच आहे’ या समजुतीत दोघेही काही महत्त्वाचे न बोलता राहण्याचा धोका तिथे अधिक असतो.

पण हे सगळे करण्याआधी त्याच बाईंना एकदा भेटा. त्यांचा तो प्रश्न तुम्हाला लागला, हे त्यांना सांगा आणि त्या काय करतात ते पाहा. स्वतःचे समर्थन करत बसल्या तर दुसरीकडे जा. ‘‘तुमच्यासाठी त्या घराचा अर्थ काय, ते मला सांगाल का?’’ असे म्हणाल्या तर बसून सांगा. त्या प्रसंगानंतर पहिली झोप लागली ती आईच्या शेजारी, असे तुम्ही पत्रात शेवटी एका ओळीत लिहिले आहे. त्या ओळीपासून सुरुवात करता येईल.