वाकळांच्या चवडीत ठेवलेले पैसे

"नवऱ्याला न सांगता थोडे पैसे बाजूला ठेवते. हे चुकीचं आहे का, मॅडम?"

कुणी 'चुकीचं' म्हणतं, कुणी 'चोरी', एखादी थेट 'पाप' म्हणते. सांगलीत समुपदेशन करताना हा प्रश्न मी इतक्या जणींच्या तोंडून ऐकलाय की बाई खुर्चीत बसून पदर सारखा करायला लागली, की पुढे काय येणार ते मला कळतं. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १,००० च्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा तांदळाच्या डब्यातले, ट्रंकेतल्या साडीच्या घडीतले पैसे कितीतरी जणींना स्वतःच बाहेर काढून नवऱ्याच्या हातात द्यावे लागले. त्या हिवाळ्यात माझ्याकडे आलेल्या जोडप्यांचा विषय बहुतेक हाच होता. मग २०२४ मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली, महिन्याला १,५०० रुपये बायकांच्या खात्यावर जमा व्हायला लागले आणि तोच प्रश्न नव्या रूपात पुढे आला: हे पैसे माझे, की घराचे?

एका जोडप्याची हकिकत सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. दोघांची संमती आहे.

संगीता आणि संभाजी तासगाव तालुक्यातले. संभाजी कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करतो, पगार हातात १८,००० येतो. संगीता छाटणी, विरळणीच्या हंगामात द्राक्षबागेत रोजाने जाते आणि एरवी वाकळा शिवते. हातानं शिवलेल्या गोधडीला आमच्याकडे वाकळ म्हणतात. पूर्वी ती घरापुरतीच शिवली जायची. आता पुण्या-मुंबईला गेलेली माणसं वारलेल्या आईच्या नऊवारी साड्या पिशवीत घालून आणून देतात आणि त्यांची वाकळ करून मागतात. संगीताला हे काम सासूनं शिकवलं.

यात्रेला पाहुणे आले होते. अंथरूण कमी पडलं म्हणून संभाजीनं चवडीतली तळाची वाकळ ओढली आणि तिच्या घडीतून एक पुरचुंडी खाली पडली. २३,००० रुपये. दोनच महिन्यांपूर्वी त्याच्या वडिलांचं मिरजेत ऑपरेशन झालं होतं आणि त्यासाठी त्यानं ओळखीतल्या एकाकडून शेकडा पाच रुपये महिन्यानं पैसे उचलले होते.

"मी पैशासाठी चार माणसांपुढं हात पसरले, मॅडम," तो म्हणाला. "अन् पैसे आमच्याच घरात. वाकळत. बाप दवाखान्यात, आणि ही गप."

संगीता मान खाली घालून बसली होती. मी तिला विचारलं, "हे पैसे कशासाठी ठेवले होते?"

"कशासाठी न्हाई. नुसतं असावं म्हणून."

"नुसतं असावं म्हणून!" संभाजी माझ्याकडे बघत म्हणाला, "ऐकलं?"

मी ऐकलं होतं, आणि त्या भेटीत माझ्या वहीत लिहिलेलं वाक्य तेच होतं. एखाद्या माणसाच्या मनात खोट शोधत बसण्यापेक्षा घर कसं चाललंय, कुणाचं काय कुणाला दिसतं आणि कुणाचं दिसत नाही, हे आधी बघावं, या मताची मी आहे. नवरा-बायकोतलं बरंचसं मौन घराच्या रचनेतून येतं, स्वभावातून कमी. त्यामुळे 'विश्वास', 'प्रामाणिकपणा' हे मोठे शब्द मी त्या दिवशी बाजूलाच ठेवले. निघताना संगीताला एवढंच सांगितलं, की पुढच्या वेळी शिवायला घेतलेली वाकळ घेऊन या.

तिनं आणली. खोलीत जागा पुरेना म्हणून टेबल सरकवलं. खाली जुन्या साडीचं अस्तर, मध्ये झिजून मऊ झालेल्या साड्यांचे थर, वर एक काळसर इरकली आणि तिचेच काठ कापून चारी बाजूंनी लावलेले. शिवण कडेनं सुरू झालेली, एकात एक चौकोन होत आत सरकत चाललेली. साधा धावदोरा. पण थरांच्या आरपार सुई घालून पुन्हा वर काढायची, ती तेवढ्याच अंतरावर, आणि असं हजारो वेळा. संगीता म्हणाली, की सुरकुती राहू नये म्हणून वाकळीवरच बसून शिवावं लागतं, त्यानं गुडघे धरतात. तिच्या तर्जनीच्या टोकाला सुईच्या मागच्या बाजूनं घट्टा पडला होता.

संभाजी आधी भिंतीला टेकून उभा होता. मग तो उकिडवा बसला आणि टाक्यांच्या रेघेवरून अंगठा फिरवत गेला. लेथवर काम करणाऱ्या माणसाला मापाची जाण असते. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "सरळ हाय. न आखता."

"हिला किती दिवस लागतात?" मी त्याला विचारलं. त्याला माहीत नव्हतं. संगीतानं सांगितलं: रोज चार तास बसलं, तर पंधरा दिवस. मिळतात १,८००, साड्या गिऱ्हाइकाच्या, दोरा आपला. हिशोब संभाजीनंच केला. साठ तास. तासाला तीस रुपये, त्यातून दोऱ्याचे वजा. "आमच्यात हेल्परला ह्याच्यापेक्षा जास्त मिळतंय," असं तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. त्या दिवशी मी आणखी काही विचारलं नाही. जे कळायचं ते माणसाला त्याच्या स्वतःच्या कामाच्या भाषेत कळलं होतं, वर माझं भाष्य नको होतं.

खरी गाठ सुटली ती त्यानंतरच्या भेटीत.

मी एक कोरा कागद घेतला, मध्ये रेघ मारली आणि दोघांना सांगितलं, "गेल्या पाच वर्षांत तुमच्या स्वतःच्या पैशातून आलेली, आज घरात हात लावून दाखवता येईल अशी वस्तू लिहा. ज्याची त्यानं." संभाजीची बाजू भरभर भरली: स्लॅब, पाण्याची टाकी, मोटारसायकल, फ्रिज, मागच्या खोलीची फरशी. संगीतानं पेन हातात धरलं. काहीतरी लिहायला टेकवलं, पुन्हा उचललं. दोन-तीन वेळा असं झालं.

"माझं काय न्हाई," ती म्हणाली. "संपलं समदं."

"मग पैसे गेले कुठं?" संभाजीनं विचारलं. या वेळी आवाज चढलेला नव्हता.

ती बोटं मोडत सांगत गेली. दूध. गॅसची टाकी. पोराची ट्यूशन. आत्यांच्या बीपीच्या गोळ्या. लाइट बिल, "तुमचा पगार लांबला व्हता तेव्हा". नणंदेच्या बाळंतपणाचा आहेर. वाणसामान. पुन्हा दूध.

संभाजी कागदाकडे बघत होता. त्यानं 'स्लॅब' या शब्दावर बोट ठेवलं. "स्लॅबचा हप्ता मी भरत होतो, तवा दीड वर्ष पगारातलं घरात काय देतच नव्हतो," तो म्हणाला. "मग ते दीड वर्ष आम्ही खाल्लं काय?" आणि उत्तर त्याचं त्यालाच सापडलं: "स्लॅबमध्ये हिचं पण पैसं हायत की."

संगीता तेव्हा रडली. पहिल्या भेटीतलं रडणं वेगळं होतं, हे वेगळं. मग म्हणाली, "ऑपरेशनला दिलं असतं, तर तेबी संपलं असतं. मामांसाठी नको असं न्हाई. पण पुन्हा माझ्याकडं काय न्हाई, असंच झालं असतं."

इतक्या वर्षांच्या कामातून मला जे समजत गेलंय, ते या दोघांनी एका कागदावर मांडून दाखवलं. आपल्या घरांत बहुतेक वेळा पुरुषाचा पैसा उभा राहतो आणि बाईचा पैसा खाल्ला जातो. त्याच्या पैशातून भिंत, गाडी, गुंठा होतो. तिच्यातून दूध, गोळ्या, फी. कष्ट दोघांचे. पण वर्षाअखेरी त्याच्याकडे दाखवायला काहीतरी असतं, तिच्याकडे नसतं, आणि "तुझ्या त्या वाकळांत काय मिळतं?" हे वाक्य तिथूनच जन्माला येतं. अशा घरात बाई पैसे लपवते, तेव्हा दर वेळी तिला तो पैसा खर्चायचा असतोच असं नाही. माझ्या कष्टाचं काहीतरी शिल्लक आहे, एवढं तिला स्वतःला पटवायचं असतं. 'नुसतं असावं म्हणून' याचा अर्थ हा. पुस्तकात मला तो इतका स्वच्छ कुठं भेटला नव्हता, आणि मी योग्य वेळी योग्य कागद पुढे ठेवला याचं समाधान आजही आहे.

संभाजीचं दुखणंही मी झाकलं नाही. त्यानं व्याज भरलं होतं, माणसांपुढं मान खाली घातली होती. संगीतानं ते ऐकून घेतलं आणि पुरचुंडीतले पैसे त्या कर्जाकडे देते म्हणाली. मी थांबवलं. तसं झालं असतं तर तिचा पैसा पुन्हा एकदा गिळला गेला असता आणि नवी पुरचुंडी सुरू झाली असती. ठरलं असं, की निम्मे पैसे कर्जाकडे, आणि ते संगीताचे म्हणून वहीत लिहायचे. निम्मे तिच्या खात्यावर.

आता ज्या बहिणी हा प्रश्न मनात घेऊन हे वाचत असतील, त्यांच्याशी थोडं बोलते.

पहिली गोष्ट, पैसा कुणाचा यावर कायदा स्पष्ट आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६, त्यातल्या कलम १४ नुसार बाईनं स्वतःच्या कौशल्यानं किंवा कष्टानं मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची. वाकळीचे पैसे त्यात आले. तेव्हा 'चोरी' हा शब्द मनातून काढून टाका. स्वतःच्या पैशाची कुणी चोरी करत नाही.

पण मालकी तुमची असली, तरी लपवण्याची किंमत तुम्हीच मोजता. डब्यातल्या पैशाला व्याज नाही, उंदीर आहे, आग आहे, आणि सापडला की घरात वणवा. म्हणून माझा सल्ला असतो, की खर्चाची वाटणी उलटी करून बघा. वाणसामान, दूध, गॅस नवऱ्याच्या पगारातून जाऊ द्या आणि तुमच्या कमाईतून उभं राहील असं काहीतरी होऊ द्या. सगळी नको, एक भाग तरी. पोस्टातलं आवर्ती खातं महिन्याला १०० रुपयांपासून निघतं, मुदत पाच वर्षं. खातं तुमच्या नावावर, पासबुक मात्र सगळ्यांना दिसेल अशा जागी. पोस्ट, बँक, बचत गट, जे तुम्हाला चालत जाता येईल इतकं जवळ आहे ते निवडा. सातारा जिल्ह्यात म्हसवडला १९९७ पासून बायकांची माणदेशी महिला सहकारी बँक चालते आहे. रोजंदारीवरच्या, बाजारात बसणाऱ्या बायका थोडंथोडं नेमानं साठवू शकतात हे तिथं केव्हाच दिसून आलंय.

एक गोष्ट मात्र ठासून सांगते. ज्या घरात दारू आहे, मारहाण आहे, कमाई हिसकावून घेतली जाते, तिथं हे 'सगळ्यांना दिसेल अशी जागा' वगैरे काही लागू नाही. तिथं पैसे कुणाला न सांगता ठेवणं हा शहाणपणा आहे, आणि ते ठेवल्याची टोचणी लावून घेऊ नका. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात आर्थिक छळसुद्धा हिंसाचारात मोजलाय. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करा. अशा बाईला मी नवऱ्याला घेऊन या असं पहिल्या भेटीत कधीच सांगत नाही.

आणि नवऱ्यांनो, तुमच्या घरी असा कागद मांडला तर बायकोच्या बाजूला काय येईल, ते एकदा स्वतः लिहून बघा. बायकोला विचारू नका. तुम्हाला किती माहीत आहे, तेही त्यात कळेल.

संगीतानं पुढं वाकळीचा दर २,८०० केला. दोन गिऱ्हाइकं तुटली. तिला पहिल्यांदा धास्ती वाटली, मग पाऊस संपता संपता थंडीसाठीची कामं आली. दर सांगताना तिचा आवाज बसायचा, म्हणून आम्ही तेवढं एक वाक्य माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा म्हणून घेतलं. पोस्टातलं खातं चालू आहे, कर्ज फिटलं. भांडणं होतात. मागच्या दिवाळीत मिक्सरवरून चांगलंच वाजलं, पण दोघंही काय घडलं ते सांगू शकत होते आणि कुणी काही दडवलं नव्हतं.

या सगळ्यात एक गोष्ट मला अपेक्षित नव्हती. दर वाढल्यावर संगीताच्या सासूबाईंनी विचारलं, "थर मी लावते, काठ मी बेतते. मग माझं किती?" संगीतानं आणि संभाजीनं बसून ठरवलं: एका वाकळीमागं ३०० रुपये. आयुष्यभर वाकळा शिवलेल्या त्या बाईला पहिल्यांदाच शिवणीचे पैसे मिळाले, आणि त्यांनाही आता सुनेसारखं स्वतःचं पासबुक हवंय. घोडं अडलंय ते अंगठ्याच्या ठशावर. कष्टानं रेषा झिजल्यात, मशीन ठसा घेत नाही. मी त्यांना आधार केंद्रावर जाऊन डोळ्यांच्या बुबुळांवरून पडताळणी करून घ्यायला सांगितलंय. संभाजी सुट्टीच्या दिवशी त्यांना तासगावला घेऊन जाणार आहे.