तुमच्या मुलीला तो नकाशा पाठ झालाय

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पन्हाळगडावर बेतलेला संगणकावरचा खेळ, सात ते नऊ वर्षांची मुलं, तीन टप्पे. तुमची मुलगी तिन्ही टप्पे सहज पार करते, पण तिच्या वर्गातली मुलं दुसऱ्या टप्प्यात तटाशी अडकतात. टाइल, म्हणजे नकाशा जोडायचा चौकोनी तुकडा, १६ पिक्सेलची घ्यावी की ३२ ची, नकाशा मोठा करावा का आणि वाट सांगणाऱ्या पाट्या लावाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. टाइलचं खाली सांगतो. पण तुमचं खरं दुखणं त्या 'मुलगी सहज पार करते' या वाक्यात आहे. माझेही सात महिने त्यातच गेले, म्हणून इतकं लांबलचक लिहितोय.

आधी एक सांगून ठेवतो. मी कुठल्या मोठ्या स्टुडिओत काम केलेलं नाही. नोकरी सांभाळून कोल्हापुरात राजारामपुरीतल्या घरी बसून खेळ करतो, तेही बाजूने दिसणारे, पळायचे-उड्या मारायचे. त्रिमितीय खेळांना यातलं काय लागू पडेल, ते त्यातल्या माणसांना विचारा. टाइलसेट कसा लावायचा, कॅमेरा कसा बांधायचा हे तुम्हाला येतंय असं पोस्टवरून दिसतंय, ते सोडून देतो.

माझा खेळही गडावरचाच होता. धनगराच्या पोराचं कोकरू हरवतं आणि ते शोधत तो गड चढतो. त्यासाठी थोडी मदत देऊ केलेल्या एका कार्यालयाचा आग्रह होता की मुलांना खरा गड कळला पाहिजे, आराखडा आहे तसाच हवा, अंतरं आणि दिशा बदलायच्या नाहीत. मला तेव्हा ते पटलं. मी आराखडा समोर ठेवून दरवाजे, बुरुज, तलाव जागच्या जागी बसवले. दुसरा दरवाजा बुरुजाच्या आड होता. तिथे पोचल्यावर थोडं मागे, डावीकडे वळावं लागायचं.

तपासायला माझा भाचा होता, तिसरीतला. दर रविवारी शिवाजी पेठेतून यायचा, खेळायचा आणि मी शेजारी बसायचो. पहिल्या रविवारी तो त्या बुरुजाशी थबकला. मी पडद्यावर पेन्सिल टेकवून म्हणालो, "इकडनं वळ की." तो वळला. पुढच्या रविवारी सांगावं लागलं नाही, आणि मी समजलो की नकाशा जमला. माझी सगळ्यात मोठी चूक हीच. त्या पेन्सिलीने मी नकाशातला दोष झाकला. पुढचे सहा महिने भाचा माझा नकाशा खेळत नव्हता, मी सांगितलेली वाट आठवत होता. मी मात्र त्याच्या वेगावर खूश होऊन वर चित्रं रंगवत बसलो. मागचा देखावा टाइलमध्ये न करता ६४०० पिक्सेल रुंदीचं एक सलग चित्र केलं, दगड न् दगड हाताने.

मग एका शाळेच्या संगणक कक्षात दाखवायला नेला. एकेका संगणकावर दोन-दोन, कुठे तीन मुलं. पहिला दरवाजा सगळ्यांनी हसत-ओरडत पार केला. बुरुजाशी आल्यावर सगळा वर्ग एकदम शांत झाला. मुलं उजवीकडे भिंतीवर धडका देत होती, उड्या मारत होती, परत धडका देत होती. पहिल्या रांगेतला एक मुलगा वळून म्हणाला, "काका, संपला काय ओ गेम?" त्याला खरंच वाटलं होतं की खेळ तिथवरच आहे. तो प्रश्न मी अजून विसरलेलो नाही. दरवाजा हलवायचा तर ते सलग चित्र फाडायचं. तेच करावं लागलं. आणि आराखड्याचा आग्रह धरणाऱ्या कार्यालयाला मी हे सगळं लिहून कळवलं, तर साधी पोचसुद्धा आली नाही. मदत तर सोडाच. त्यांच्यापैकी एकानेही तो खेळ मुलांच्या हातात बघितला नव्हता, याचा मला अजून राग आहे.

नंतर विचार करताना एक गोष्ट ध्यानात आली, ती तुमच्या पन्हाळ्यालाही लागू आहे. गड बांधणाऱ्याला परक्या माणसाला गोंधळवायचं असतं. म्हणून तो वाट वळवतो, दरवाजा बुरुजाआड लपवतो. आपल्याला नेमकं उलटं हवंय, कारण आपल्या गडावर येणारं प्रत्येक मूल परकंच असतं. त्यामुळे प्रमाणबद्धतेचा मोह सोडा. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव ही ठिकाणं मुलाच्या लक्षात राहिली म्हणजे झालं, त्यांच्यातलं अंतर तुमच्या सोयीनं ठेवा. अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत, पण चित्रात ती सारखीच दिसली तर मुलं गोल गोल फिरत राहतील. प्रत्येकावर वेगळी खूण द्या, नुसता वेगळा रंग नको. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी मुलं असतात, मुलग्यांत जास्तच. अंधारबाव मात्र मुख्य वाटेवर ठेवू नका. तीन मजली, खाली पाणी, बाहेर पडायला चोरवाट, अशी जागा शोधून काढण्यातच मजा आहे. ती बक्षिसाची खोली करा.

दिशा कळायला लांबून दिसणारी एक उंच गोष्ट लागते. रंकाळ्याला फेरी मारताना शालिनी पॅलेसचा मनोरा दिसला की आपण कुठवर आलो ते न विचारता कळतं, तसं. माझ्या सुधारलेल्या नकाशात भिंतीपलीकडे डावीकडे कोकरू दिसतं आणि त्याच्या गळ्यातली घंटा वाजते. खाली कणसांची रांग त्याच बाजूला जाते. बस, एवढंच केलं. पाटी एकही नाही. पाट्यांच्या मी पूर्ण विरोधात आहे. सात वर्षांचं मूल जोडाक्षरं लावत वाचतं, आणि बोटं बाणांच्या कळांवर असताना तर वाचतच नाही. १९८५ च्या सुपर मारियो ब्रदर्सचा पहिला टप्पा बघा. खेळाडू डावीकडे उभा, उजवीकडे मोकळी जागा, म्हणजे पळायचं कुठे ते कळलं. अळंबी नळावर आपटून आपल्याकडेच परत येते, म्हणजे ती घ्यायची हेही कळलं. एक शब्द न लिहिता. आणि ते टप्पे आधी आलेख कागदावर काढलेले होते. आपल्याला मुलांची चौकटीची गणिताची वही पुरते, एक चौकट म्हणजे एक टाइल.

क्रम माझ्या मते असा ठेवा. आधी उडी ठरवा आणि मग तिला हात लावू नका. उडीचा वेग १० टक्के वाढवला तर उंची २१ टक्के वाढते. साडेतीन टाइल उडणारं पोर सव्वाचार टाइल उडायला लागतं आणि तुमची चार टाइलची भिंत भिंत राहत नाही. पूर्ण उडीत चार टाइलची दरी पार होत असेल तर मुख्य वाटेवर तीनपेक्षा मोठी दरी नको, चारची फक्त बक्षिसाकडे. कडेवरून पाय सुटल्यावरही सुमारे ०.१५ सेकंद उडी चालू द्या, लहान मुलं कळ उशिराच दाबतात. मग सगळा नकाशा नुसत्या करड्या ठोकळ्यांत. चित्रं सगळ्यात शेवटी, आणि मागचा देखावा तुकड्यांत.

टाइल ३२ ची घ्या. ६४० बाय ३६० च्या पडद्यावर आडव्या वीस बसतात, उभ्या सव्वाअकरा. त्यात पात्र मोठं दिसतं. शाळेतले पडदे बहुधा १३६६ बाय ७६८ चे असतात, तिथे बरोबर दुप्पट करा आणि कडेला काळी पट्टी राहू द्या. ओढून ताणून बसवलंत तर चित्र पुसट होतं. अजून एक, स्वस्त कीबोर्डवर तीन कळा एकत्र दाबल्या तर एखादी लागतच नाही, विशेषतः दोन बाण आणि स्पेस. मूल म्हणतं "उडतच नाही ओ" आणि आपण नकाशात चूक शोधत बसतो. खेळ बनवायला गोडो हे सॉफ्टवेअर वापरत असाल आणि जुने व्हिडिओ बघत असाल तर त्याच्या ४.३ आवृत्तीपासून टाइल मांडायला टाइलमॅपऐवजी टाइलमॅपलेअर आलंय, तेवढं बघून घ्या.

आणि तपासणी. तुमची मुलगी आता तपासणीला चालणार नाही, तिला नकाशा पाठ झालाय. तिला चित्रांचं विचारा, आवाजांचं विचारा, वाटेचं नको. दर वेळी ज्यांनी खेळ पाहिलेला नाही अशी दोनच मुलं बसवा, कारण एकदा खेळलेलं मूल त्या वाटेला पुन्हा नवं होत नाही, सगळा वर्ग एकाच दिवशी संपवू नका. तुम्ही मागे बसा. हात मांडीवर ठेवा. मूल रडकुंडीला आलं तर खेळ थांबवा, पण वाट सांगू नका. पहिल्यांदा कुठल्या बाजूला वळलं आणि कुठे किती वेळ थांबलं, एवढंच वहीत लिहा. "आवडला का?" विचारू नका. आपल्याकडची मुलं पाहुण्यासमोर "लई भारी" म्हणतातच.

करड्या ठोकळ्यांचा दुसरा टप्पा तयार झाला की इथे टाका. आमच्या वाड्यात दुसरीतली दोन मुलं आहेत, त्यांनी यातलं काही पाहिलेलं नाही. त्यांना बसवून कुठे अडकतात ते लिहून कळवतो. फक्त वाट कुठे आहे ते मला आधी सांगू नका.