आजोबा साठच्या दशकात गावी वारले, मृत्यूची नोंद किंवा पेपरातली बातमी आता कुठे शोधायची?

तुम्ही लिहिलंय की आजोबा साठ ते सत्तरच्या मधे कधीतरी साताऱ्याकडच्या गावी वारले, नक्की तारीख घरात कुणालाच माहीत नाही, वाटणीच्या कामात वकिलांनी मृत्यू दाखला मागितलाय आणि ग्रामपंचायतीने "आमच्याकडे एवढं जुनं नाही" म्हणून परत पाठवलं. मी माझ्या आजोबांसाठी चार वर्षांपूर्वी हेच सगळं केलंय, त्यामुळे मनापासून सांगतो, एका नकारावर सोडून देऊ नका. बऱ्याचदा नोंद असते, फक्त आपण चुकीच्या वर्षात, चुकीच्या नावाखाली किंवा चुकीच्या ऑफिसात शोधत असतो.

सगळ्यात आधी वर्ष पक्कं करा. ऑफिसात जाऊन "साठ ते सत्तरमधलं कुठलंही" असं म्हटलं की समोरचा माणूस दहा वर्षांची रजिस्टरं चाळत बसणार नाही, आणि त्याला दोष पण देता येत नाही. आमच्या घरात काका छातीठोकपणे सांगायचे 1971, म्हणजे दुष्काळाच्या आदल्या वर्षी. त्याप्रमाणे मी अर्ज केला आणि दीड महिन्यानी उत्तर आलं, नोंद आढळत नाही. मग थोरल्या आत्याकडे जाऊन बसलो. तिला साल नाही सांगता आलं पण ती म्हणाली भूकंप झाला ना, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात दादा, म्हणजे आजोबा, गेले, गोकुळाष्टमी तीन दिवसांवर होती. कोयनेचा भूकंप 11 डिसेंबर 1967 चा, म्हणजे पुढचा पावसाळा 1968 चा. आणि आमच्याकडे पितृपक्षात आजोबांचा म्हाळ पंचमीला घालतात, म्हणजे तिथी पंचमी. श्रावण वद्य पंचमी 1968, जुन्या पंचांगात बघितलं तर ऑगस्टचा दुसरा आठवडा निघाला. काकांच्या आणि आत्याच्या सांगण्यात तीन वर्षांचा फरक! तुमच्याकडे पण म्हाळाची तिथी कुणाला तरी माहीत असणारच, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, तारीख नका विचारू, तेव्हा शेतात काय होतं, कुठला सण जवळ होता, कोण पोटात होतं हे विचारा.

दुसरा पक्का धागा म्हणजे जमीन. आजोबांच्या नावावर थोडी जरी जमीन असेल आणि नंतर मुलांची नावं लागली असतील तर वारसाचा फेरफार झालेला असतो. जुना हाताने लिहिलेला सात-बारा काढा, त्यावर मयत माणसाच्या नावाला कंस केलेला दिसेल आणि तिथे फेरफाराचा नंबर असेल, त्या नंबरचा फेरफार म्हणजे गाव नमुना 6 चा उतारा काढा. त्यात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की अमुक खातेदार अमुक तारखेला मयत, वारस अमुक अमुक. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन होऊन सरकारच्या आपले अभिलेख साइटवर आलेत, तिथे नाही मिळालं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला नकलेचा अर्ज. एक लक्षात घ्या, फेरफाराची तारीख ही मृत्यूची तारीख नसते, आमच्याकडे दोघांमधे सव्वादोन वर्षांचं अंतर होतं कारण आजीला तलाठ्याकडे जायचंच सुचलं नव्हतं. पण निदान 1971 हे साल चुकीचं आहे हे त्यावरून कागदावरच सिद्ध झालं, कारण फेरफारच 1970 चा होता.

आता नोंद कुठे असते ते. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा, त्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत, तिथे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) निबंधक, म्हणजे नोंद करणारा अधिकारी असतो. त्याच्या आधीच्या नोंदी गावकामगार, म्हणजे पाटील-कोतवाल वगैरे, ठेवायचे, त्याला गाव नमुना नं. 14 म्हणतात, बोलताना सगळे कोतवाल बुक म्हणतात, आणि ही रजिस्टरं साधारणपणे तहसीलच्या अभिलेख कक्षात जमा आहेत. म्हणजे ग्रामपंचायतीने तुम्हाला सांगितलं ते खोटं नाही, पण पुढे तहसीलला जा हे त्यांनी सांगायला हवं होतं. ही रजिस्टरं कुणबी नोंदी शोधायला 2023 पासून राज्यभर चाळली गेली कारण त्यात जातीचा रकाना असतो, त्यामुळे कितीतरी तालुक्यांत ती आता निदान हाताशी तरी आहेत. तुमच्या काळातलं सहसा देवनागरीत असतं, पणजोबांपर्यंत मागे गेलात तर मोडी लागेल, मग मोडी वाचणारा माणूस गाठा, पुराभिलेख खात्याचा कोर्स केलेले बरेच जण आहेत.

नावाचं मात्र बघा. घरात ज्ञानदेव, नोंदीत ग्यानबा, घरात विठ्ठल, नोंदीत इठू, आडनाव कित्येकदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून अर्जात सगळी रूपं लिहा, बापाचं नाव लिहा, वाडी लिहा, आणि शक्य असेल तर स्वतः समोर बसून रजिस्टर बघू द्या अशी विनंती करा. मला एका भल्या कारकुनांनी बसू दिलं. लाल फडक्यात बांधलेलं बाड, कडा कसरीने खाल्लेल्या, निळ्या शाईत तिरकं अक्षर. आजोबांची ओळ सापडली, वय 38, कारण ताप. आणि त्याच्या वर त्याच आठवड्यात आमच्याच वाडीतली दोन लहान पोरं, कारण ताप, ताप. घरात आम्हाला कायम सांगितलेलं होतं की आजोबांना बाहेरचं काहीतरी झालं, करणी वगैरे, आणि माझ्या वडिलांनी लहानपणापासून त्या एका शेजारच्या घराशी बोलणं सोडलेलं. मी ती ओळ परत परत वाचली. दाखल्यावर मृत्यूचं कारण छापत नाहीत, कायद्यातच तसं आहे, त्यामुळे हे फक्त रजिस्टर डोळ्यांनी बघितलं तरच कळतं.

आणखी एक, आजोबा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत होते का? नोंद जिथे माणूस जातो तिथे होते. आपल्याकडचे कितीतरी लोक मुंबईत दवाखान्यात गेले, दहनही तिकडेच झालं आणि गावाला नुसता निरोप आला, अशांची नोंद गावात जन्मभर शोधलीत तरी मिळणार नाही, ती महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात.

पेपरचं म्हणाल तर खरं सांगतो, साध्या शेतकऱ्याची निधनवार्ता त्या काळात येणं अवघड. आजोबा शिक्षक, सरपंच, स्वातंत्र्यसैनिक, सोसायटीचे चेअरमन असे काही असतील तर जरूर बघा, सकाळ, पुढारी, ऐक्य यांचे जुने अंक, जिल्ह्याच्या नगर वाचनालयात विचारा, पण महिना माहीत असल्याशिवाय जाऊ नका, डोळे जातील. त्यापेक्षा घरातच बघा, भिंतीवरच्या फोटोखाली तारीख लिहिलेली असते, देवघराच्या कपाटात एखादं वर्षश्राद्धाचं कार्ड निघतं. अस्थी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला नेल्या असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत गाव आणि आडनाव सांगून विचारा, कोण आलं, कधी आलं, कुणाच्या अस्थी, नातवंडांपर्यंत नावं असतात. कोर्टात ते किती चालेल हे वकिलांना विचारा पण तारीख शोधायला सोनं आहे ते.

इतकं करून नोंद नाहीच मिळाली तर तोंडी उत्तर घेऊन येऊ नका, लेखी अनुपलब्धता प्रमाणपत्र घ्या, नमुना 10. त्याच्या आधारे उशिरा नोंदीचा अर्ज करता येतो, कलम 13(3) खाली, आधी हे मॅजिस्ट्रेट कोर्टाकडे होतं, 2023 च्या दुरुस्तीनंतर जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आलं. पुरावे नीट तपासतात त्यामुळे फेरफार, प्रतिज्ञापत्र सगळं जोडा. एजंट दोन दिवसांत दाखला देतो म्हणेल, अजिबात घेऊ नका, मागे रजिस्टरमधे नोंद नसेल तर समोरच्या पार्टीचा वकील पहिल्याच तारखेला तो कागद पाडेल.

आणि नक्कल हातात आली की टेबलापाशीच उभं राहून वाचा, नाव, बापाचं नाव, तारीख, वर्ष. माझ्या नकलेवर 1968 चं 1986 झालं होतं आणि ते मला घरी येऊन एसटीतून उतरल्यावर दिसलं, परत दोन हेलपाटे पडले.