वाचकांचे प्रश्न : ‘ब’ उच्चारला म्हणून वर्ग हसला

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातली. इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बाबा दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी आहेत, आई सुकी मासळी विकते. घरात सगळं मालवणीत. आम्हाला डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी अभ्यासाला आहे. तिचा नायक पिप लोहाराघरी वाढून लंडनला साहेब होतो. तो आजारी पडतो आणि त्याला वाढवणारा ‘जो’ नावाचा लोहार त्याचं कर्ज फेडतो, तो भाग वर्गात मोठ्यानं वाचायची पाळी माझ्यावर आली. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणायचं, मी स्पेलिंगप्रमाणे ‘डेब्ट’ वाचलं. वर्ग हसला. हसण्याचं वाईट वाटलंच, पण कर्ज म्हणजे काय हे त्या वर्गात मला जेवढं कळतं तेवढं बाकीच्यांना कळत असेल का, असं सारखं मनात येतंय. जूनला मासेमारी बंद झाली की बाबा मालकाकडून उचल घेतात, ती ऑगस्टपासून कापली जाते. पिप बरा व्हायला लागतो तसा जो त्याला पुन्हा ‘सर’ म्हणायला लागतो, तिथे मला पुढे वाचवेना. इंग्रजी ही मोठ्या माणसांचीच भाषा आहे का? माझा मालवणी हेल घालवायला हवा का? आणि मला जोच्या बोलण्यावर प्रकल्प करायचा आहे. मैत्रिणी म्हणतात, त्यात काय आहे करण्यासारखं? करू का?
– एक विद्यार्थिनी, देवगड तालुका

उत्तर : तुझ्या त्या ‘ब’पासूनच सुरुवात करते, कारण त्या एका अक्षराचा इतिहास तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवा.

हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘ब’ नव्हता. लोक ‘डेट’ म्हणत आणि तसंच लिहीत. मग लॅटिन शिकलेल्या पंडितांना आठवलं की याचं मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे ‘ब’ आहे. सोळाव्या शतकापर्यंत त्यांनी तो लिखाणात रुजवला. बोलण्यात तो कधी आलाच नाही. १५९८ साली छापलेल्या ‘लव्ह्ज लेबर्स लॉस्ट’ या शेक्सपिअरच्या नाटकात होलोफर्नीस नावाचा एक शाळामास्तर आहे. तो चिडतो कशावर, तर लोक या शब्दात ‘ब’ म्हणत नाहीत यावर! म्हणजे तू वाचलंस तसंच वाचावं, असा त्याचा आग्रह. लॅटिन शिकायला ज्यांच्याकडे पैसा आणि फुरसत होती त्यांनी ते अक्षर घातलं, आणि ते म्हणायचं नसतं हे आपोआप कळायला पुन्हा इंग्रजी कानावर पडणाऱ्या घरातच वाढावं लागतं. तू छापलेलं अक्षर प्रामाणिकपणे वाचलंस. यात लाज वाटण्याजोगं काहीही नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. इंग्रजी कायम मोठ्यांचीच भाषा नव्हती. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं, त्यानंतर दोन-तीनशे वर्षं तिथला राजा, सरदार, न्यायाधीश फ्रेंच बोलत. इंग्रजी कोण बोलत होतं? नांगर धरणारे, गुरं राखणारे, चुलीपाशी राबणारे. कोर्टात आपल्याच खटल्यात काय चाललंय ते गरीब माणसाला कळत नसे. १३६२ साली कायदा झाला की कोर्टात इंग्रजीतून बोलावं, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. तो कायदासुद्धा फ्रेंचमध्ये लिहिलेला होता, यावरून काय ते ओळख. जी भाषा आज तुला दाराबाहेर उभी करते, ती स्वतः कितीतरी पिढ्या दाराबाहेर उभी होती. वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरच्या मुली पुढे सरकून बसायच्या.

आणि ज्याला आपण ‘शुद्ध इंग्रजी उच्चार’ म्हणतो, तो तर अगदी अलीकडचा. डॅनियल जोन्स या ध्वनिशास्त्रज्ञाचा उच्चारकोश १९१७ सालचा. त्यात त्याने कोणाचे उच्चार नोंदवले? दक्षिण इंग्लंडमधल्या ज्या घरांतली मुलं महागड्या निवासी शाळांत शिकत, त्या घरांतले. त्या महागड्या शाळांना तिथे ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात, म्हणून नावही तेच दिलं, ‘पब्लिक स्कूल उच्चार’. १९२६च्या आवृत्तीत ते बदलून ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’, म्हणजे मान्य उच्चार, असं केलं. नाव बदललं तरी नमुना त्याच घरांचा राहिला. तेव्हाही इंग्लंडमधली बहुसंख्य माणसं तसं बोलत नव्हती.

हेलाचं विचारतेस, तर तो घालवू नकोस. उच्चार मात्र शीक, आणि कसून शीक. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. परीक्षेत, मुलाखतीत, उद्या तू वर्गावर उभी राहशील तेव्हा, शब्दाचा प्रचलित उच्चार माहीत असणं तुझ्याच फायद्याचं. कॉलेजच्या वाचनालयात उच्चारचिन्हं दिलेला कोश मागून घे. ती चिन्हं थोड्या सरावाने येतात. इंटरनेटवर या कादंबरीची संपूर्ण वाचनं फुकट ऐकायला मिळतात, ती पुस्तक समोर धरून ऐक. पण देवगडची मुलगी लंडनची वाटावी म्हणून आवाजाची चाल बदलायची काहीएक गरज नाही.

थॉमस हार्डीच्या ‘टेस’ या १८९१च्या कादंबरीत तुझ्यासारखीच एक मुलगी आहे. खेड्यातली, गरिबाघरची, शाळेत सहावी झालेली, तीही लंडनहून शिकून आलेल्या बाईंच्या हाताखाली. हार्डी स्वच्छ सांगतो की ती दोन भाषा बोलते : घरी गावची बोली, बाहेर आणि मोठ्या माणसांशी सर्वसाधारण इंग्रजी. आई मात्र बोलीतच. तुझं आणि तुझ्या आईचं असंच असणार. दोन भाषा आल्या म्हणून टेसवर पुढे कोसळायचं ते टळलं नाही, हेही वाचताना ध्यानात ठेव. चांगलं बोलता आलं की सगळं सुरळीत होतं, असं मी तुला खोटं सांगणार नाही.

प्रकल्प? अगं, नक्की कर! ‘त्यात काय आहे’ म्हणणाऱ्यांनी जोला नीट ऐकलेलंच नाही.

आधी तुझ्या मनातलं कर्ज घे. पिपला अटक करायला माणसं येतात ती १२३ पौंड आणि वर काही शिलिंगांसाठी, आणि ते बिल असतं बहुधा जवाहिऱ्याचं. चैनीचं कर्ज! फेडतो कोण? भट्टीपुढे घाम गाळणारा जो. पिपला धड बरं वाटतंय तोवर तो पहाटे उठून निघूनही जातो, मागे चिठ्ठी आणि पावती ठेवून. तुझ्या घरातली उचल पोटासाठी असते. हा फरक तुला न सांगता दिसतो, तो लिही. डिकन्सलाही तो दिसत होता. १८२४ साली, तो बारा वर्षांचा असताना, त्याचे वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात होते आणि तो बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांवर लेबलं चिकटवत होता. वाचकांना हे कळलं ते १८७० साली तो गेल्यावर, त्याचा मित्र जॉन फॉर्स्टर याने लिहिलेल्या चरित्रातून.

मग भाषा. जोचं बोलणं डिकन्स मुद्दाम अशुद्ध स्पेलिंगांत लिहितो. पण त्याच घरात, त्याच चुलीपाशी वाढलेला पिप आपली कहाणी सांगतो ती निर्मळ प्रमाण इंग्रजीत. डिकन्सच्याच दुसऱ्या कादंबरीतल्या ऑलिव्हर ट्विस्टचं तर विचारूच नकोस. निराधारांना कामाला जुंपून ठेवणाऱ्या वर्कहाउसमध्ये जन्मलेलं पोर पहिल्यापासून सभ्य घरातल्यासारखं बोलतं. नायकाला प्रमाणभाषा आणि गरिबाला बोली, असं का? माझ्या मते इथे डिकन्स आपल्या काळाच्या चौकटीतच राहिला, आणि तू तसं ठामपणे लिहायला हरकत नाही. आपल्याकडेही नोकराच्या, गड्याच्या तोंडी मालवणी घालून हशा मिळवायची सवय होतीच. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’मध्ये मात्र अख्खा रंगमंचच मालवणीने व्यापला, मच्छिंद्र कांबळींनी ती घराघरात नेली. या तुलनेला एक प्रकरण दे.

सातवं, सत्ताविसावं आणि सत्तावन्नावं, ही तीन प्रकरणं पक्की कर. सातव्यात जोला स्वतःच्या नावापुरतीच अक्षरं वाचता येतात. सत्ताविसाव्यात तो लंडनला पिपच्या खोलीवर येतो, टोपी कुठे ठेवावी ते त्याला कळत नाही, ती पुन्हा पुन्हा खाली पडते, आणि तो घटकेत ‘पिप’ म्हणतो, घटकेत ‘सर’. सत्तावन्नाव्यात तो पत्र लिहायला बसतो. लिहायला त्याला बिडीने, म्हणजे पिपच्या बालमैत्रिणीने, शिकवलेलं. लेखण्यांच्या तबकातून अवजार निवडावं तशी लेखणी निवडतो, आणि घण उचलायचा असावा तशा बाह्या वर सारतो. तो परिच्छेद सावकाश वाच. अक्षरओळख उशिरा झालेल्या माणसाचा हात डिकन्सने किती बारकाईने पाहिलाय बघ.

शेवटी एक जोडपत्र लाव. जोची वाक्यं मालवणीत आण. प्रमाण मराठीत घेतलीस तर जो जागच्या जागी सपाट होईल. आपण नेहमीचे जिवलग ना, असं तो पिपला विचारतो, तिथे ‘आपण कायमचे दोस्त मां रे, पिप?’ असं लिहून बघ. लिहिलेलं आईला आणि बाबांना वाचून दाखव, ते जिथे अडतील तिथे दुरुस्त कर. मालवणीचे जाणकार म्हणून त्या दोघांची नावं ऋणनिर्देशात पहिली घाल. मार्गदर्शकांनी बोलीच्या जोडपत्राला हरकत घेतली, तर मासिकाच्या पत्त्यावर मला कळव. मी त्यांच्याशी स्वतः बोलेन.